बर्ड फ्लू : कोंबड्यांत मरतूक सुरू झाली की या चुका टाळा

"आक्का, कोंबडी पेंगाय लागलीया, मरायच्या आत कापून घ्या." खानापूर-खटावकडच्या वाड्यावस्त्यांवर हा सल्ला सहज दिला जातो. हाताने वाढवलेली गावरान कोंबडी वाया घालवायला जीव होत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण बर्ड फ्लूच्या बाबतीत सगळ्यात घातक चूक हीच.

आजारी पक्ष्याच्या विष्ठेत, लाळेत, नाकातोंडातल्या चिकट पाण्यात आणि रक्तात विषाणू भरलेला असतो. मान कापताना रक्त उडतं. कढत पाण्यात बुडवून पिसं उपटताना, आतडी काढताना कोपरापर्यंत हात भरतात. त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला, डोळा चोळला, की विषाणूला वाट मिळाली. चुलीवर रटरटणारा रस्सा त्या मानाने सुरक्षित, कारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हा विषाणू तग धरत नाही. धोका असतो तो कोंबडी पातेल्यात जाईपर्यंत, आणि तो बहुतेक वेळा घरच्या बाईच्या वाट्याला येतो. म्हणून आजारी कोंबडी कापायचीच नाही, शिजवून खाणार असलात तरीही.

शरीरात हा विषाणू काय करतो ते समजून घ्या. कुठल्याही फ्लूच्या विषाणूला आत शिरण्याआधी पेशीवर चिकटावं लागतं. साध्या फ्लूला चिकटायला लागणारे रेणू माणसाच्या नाकाघशात भरपूर असतात. एच५एन१ ला, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूला, लागणारे रेणू मुख्यतः फुप्फुसाच्या तळाशी वायुकोशांत आणि डोळ्याच्या पातळ पडद्यावर आढळतात. त्यामुळे तो खोकल्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. पण खोलवर पोचलाच तर थेट न्यूमोनिया होतो, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा इतकी खवळते की फुप्फुसाचं नुकसान आणखी वाढतं. २००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांत एच५एन१ ची नोंद झाली आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. सौम्य आजार नोंदीतून सुटत असतील हे खरं, तरीही आकडा धडकी भरवणारा आहे. भारतात २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत उपचार चालू असताना गेला.

दुसरी चूक शेडवरची : "मानमोडी असेल, दर साली येते." मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखणं जाणकारालाही जमत नाही. तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळेजांभळे पडणं, डोकं सुजणं, पायांवर लाल ठिपके, अंडी एकदम घटणं आणि एका रात्रीत ढीगभर पक्षी मरणं, यांतलं काहीही दिसलं तर शवविच्छेदन स्वतः करू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ वर फोन करा. खात्रीची तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते.

कळवलं तर सगळी बॅच मारतील, या भीतीने उरलेले पक्षी घाईघाईने बाजारात काढणं ही तर गावाशीच दगाबाजी. खुराड्यातला रोग त्याच गाडीतून, त्याच क्रेटमधून दहा गावांत जातो. व्यवहार म्हणूनही ते चुकीचंच, कारण सरकारी भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. देशात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, २००६ साली नंदुरबारच्या नवापूरला. तिथे पक्षी मारूनच तो आटोक्यात आणावा लागला.

मेलेल्या कोंबड्या येरळा नदीच्या पात्रात, कॅनॉलला किंवा उकिरड्यावर टाकू नका. कुत्री, मांजरं, कावळे ते ओढून नेतात. थंड पाण्यात हा विषाणू कित्येक दिवस जिवंत राहतो. हातमोजे, मास्क घालून खोल खड्डा, वर चुना आणि माती. मायणी-येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. त्यांना हुसकावण्यात अर्थ नाही. शेडची जाळी धड ठेवा, तलावाचं पाणी तसंच कोंबड्यांना पाजू नका. शेडची चप्पल शेडवरच ठेवा. डुकरं आणि कोंबड्या एकत्र पाळू नका, कारण डुकराच्या शरीरात पक्ष्यांचा आणि माणसांचा फ्लू एकत्र आले तर जनुकांची अदलाबदल होऊन माणसांत झपाट्याने पसरणारा नवा विषाणू तयार होऊ शकतो. साथीची खरी भीती तीच आहे. शेडवर काम करणाऱ्यांनी नेहमीच्या फ्लूची लस घ्यावी ती याचसाठी. ती बर्ड फ्लू रोखत नाही, पण दोन्ही विषाणू एकाच माणसात भेटण्याची शक्यता कमी करते.

आणि अफवेवर विसंबून चिकन-अंडी बंद करण्याचं कारण नाही. नीट शिजवा, अर्धकच्चं अंडं टाळा, कच्च्या मटणाची सुरी-पाट वेगळी ठेवा, एवढं पुरे.

शेवटची चूक दवाखान्यातली. ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल झाले की लोक मेडिकलमधून गोळी आणतात आणि डॉक्टरांकडे गेले तरी कोंबड्यांचं सांगत नाहीत. मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आला असेल तर पुढचे दहा दिवस ताप बघत राहा, आणि त्रास सुरू होताच मास्क लावून सांगली-मिरज किंवा साताऱ्याचं सरकारी रुग्णालय गाठा. "शेडवर मरतूक होती" हे पहिलं वाक्य असू द्या. ओसेल्टामिवीर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत मिळालं तर सर्वांत उपयोगी पडतं, आणि ते कधी सुरू करायचं हे डॉक्टर तुमच्या त्याच वाक्यावरून ठरवतात.