वडापावचा गाडा लावण्याआधी

गाडा, कढई, झारा, शेगडी, पराती ही यादी कुणीही देईल, त्यात वेळ घालवत नाही. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ वडापाव लावायचा म्हटलं की आधी जागा. गिऱ्हाईक किती फिरतंय ते तुम्ही बघालच. पण सांडपाणी कुठे ओतणार, तेही तिथेच उभं राहून ठरवा. आमच्याकडे गेल्या वेळी प्यायच्या पाण्याचे जार होते, हात धुवायला तोटीचं पिंप होतं, फक्त वापरलेल्या पाण्याची सोय नव्हती. दुपारपर्यंत गाड्याभोवती चिखल, चिखलावर माश्या आणि शेजारच्या कापडवाल्याची कटकट. त्याचंही काय चुकत होतं म्हणा.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण टाळू नका. जागा नगरपंचायतीत येते की ग्रामपंचायतीत, हे आधी विचारा. ओढ्यापलीकडे हद्द बदलते. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली विक्री प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर पीएम स्वनिधी या केंद्राच्या योजनेचं कर्ज. पहिलं कर्ज पूर्वी १०,००० चं होतं, आता १५,००० पर्यंत मिळतं. वेळेत फेडलंत तर पुढे २५,०००. ग्रामपंचायतीत परवानगी आणि बाजारची पावती. अन्न सुरक्षेची नोंदणी दोन्हीकडे लागते, ऑनलाइन होते. तो १४ अंकी नंबर गाड्यावर दिसेल असा लावा.

गॅस म्हणजे १९ किलोची व्यावसायिक टाकी. घरातली १४.२ किलोची लाल टाकी आणू नका, 'सगळेच आणतात' हे तपासणीला आलेला माणूस ऐकून घेत नाही. भरलेली दुसरी टाकी हाताशी हवी. आठवडे बाजारात कढईत घाणा पडलेला असताना आच बसली की माणसं समोरच्या भेळवाल्याकडे वळतात आणि परत येत नाहीत.

आता पुन्हा सांडपाणी, कारण वाचून सोडून द्याल. एक मोठं पिंप घेऊ नका. ५० लिटरचं पिंप भरलं की एकट्याने हलत नाही, आणि दोघांनी उचललं तर वाटेत हिंदकळतं. २० लिटरच्या झाकणाच्या दोन बादल्या घ्या. एकीवर चाळण ठेवा आणि डिश तिच्यावरच झाडा, म्हणजे पावाचे तुकडे आणि मिरचीची देठं वरच राहतात. कढईतलं उरलेलं तेल त्यात चुकूनही नको, त्याला वेगळा डबा. पामतेल थंडीत थिजतं आणि गटार तुंबलं की सगळं गाव तुमचंच नाव घेतं. बादली कुठे रिकामी करायची, ते सफाई कामगारांना आधी विचारून ठेवा. ओळख झाली तर तेच जागा दाखवतात. गाडा आणायच्या आधी विचारा. आधी!

माल. बटाटा जुना घ्या. नवा उकडला की चिकट होतो आणि वडा तेलात फुटतो. पाव किती लागणार ते बेकरीवाल्याला आदल्या संध्याकाळी सांगा, बाजारच्या दिवसाचा आकडा वेगळा. लसणाची कोरडी चटणी घरून. वडा वर्तमानपत्रात देऊ नका, शाई तेलात उतरते आणि नियमातही बसत नाही. साधा कोरा कागद आणा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. एकादशीला आणि श्रावणातल्या सोमवारी बटाटा निम्माच उकडा, नाहीतर साबुदाणा वडा ठेवा, पण त्याचं तेल वेगळं. उपासवाले विचारतात आणि विचारायलाच हवं.

पहिल्या दिवशी वडापाव आणि चहा, बाकी काही नको. भजी, मिसळ नंतर बघू. सुट्टे पैसे. क्यूआरचा कागद, तेल उडणार नाही अशा जागी. पावसाला ताडपत्री. रात्री टाकी बंद, नळी बघा, सांडपाण्याच्या बादल्या त्याच रात्री रिकाम्या. सकाळपर्यंत ठेवल्या तर वास गाड्याला बसतो. मग हिशोब, कितीही दमलात तरी. उधारीची वही घरीच राहू द्या.