इंजिनासाठी घरीच लाकडी स्टँड बनवताय? या चुका टाळा

जुनी जीप कामाला काढली की बॉडीचं काम होईपर्यंत इंजिन महिनोन्महिने ओसरीत पडून राहतं. कुणी ते टायरवर ठेवतं, कुणी विटांवर. सगळ्यात मोठी चूक इथंच होते, कारण सगळं वजन ऑईल चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईल साठवणाऱ्या भांड्यावर येतं. बऱ्याच इंजिनांचा चेंबर म्हणजे नुसता पत्रा. तो दबला की आतली ऑईलची जाळी त्याला टेकते आणि पंपाला ऑईल ओढता येत नाही. बाहेरून एवढासा पोचा दिसतो, पण इंजिन सुरू केल्यावर बेअरिंग जातात. चेंबर बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ तडकतो. म्हणून इंजिन दोन्ही बाजूंच्या माउंटिंगवर (गाडीत इंजिन जिथं बसवतात त्या जागांवर) आणि मागं बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स जोडतात तिथल्या बोल्टांवर तोललं पाहिजे. चेंबरखालून हात मोकळा फिरायला हवा.

मापं अंदाजानं घेऊ नका. इंजिन चेन कप्पीला लटकलेलं असतानाच पुठ्ठा लावून बोल्टांची भोकं उतरवून घ्या.

लाकडात घाई नडते. बाभूळ मजबूत खरी, पण ओली वापरली तर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तडकते आणि बोल्ट ढिले पडतात. त्यापेक्षा उतरवलेल्या माळवदाची जुनी सागवानी लाकडं मिळाली तर सोनंच. फक्त आतले खिळे आणि कीड आधी तपासा.

जोड नुसत्या खिळ्यांवर सोडू नका. आरपार नट-बोल्ट टाका, दोन्हीकडं रुंद वायसर लावा. भोक टोकाजवळ पाडलं तर लाकूड फाटतं. दोन-अडीच इंच आत घ्या.

स्टँड डुलतोय? पायाखाली चिपा सारून भागत नाही. बहुतेक वेळा तिरक्या पट्ट्याच मारलेल्या नसतात. चारही बाजूंना मारा. काळ्या मातीवर तर ठेवूच नका, पावसाळ्यात ती फुगते आणि एक पाय वर उचलला जातो. खाली शहाबादी फरशी घ्या. पायांना जळकं ऑईल पाजलं तर वाळवी लांब राहते.

इंजिनाची सगळी तोंडं कापडानं बंद करा, नाहीतर उंदीर घर करतात. प्लास्टिक मात्र घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते. प्लगच्या किंवा (डिझेल इंजिन असेल तर) नोझलच्या भोकांतून थोडं ऑईल सोडा आणि महिन्यातून एकदा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून हातानं, इंजिन चालतं त्याच दिशेनं फिरवा. पाना फिरायला जागा लागते, तेव्हा पुलीसमोर आडवी पट्टी ठोकू नका.