उकिरड्यात, धुऱ्यावर (बांधावर) साप-घोरपडीची अंडी सापडली? या चुका टाळा

मे महिन्यात शेणखत रानात टाकायला उकिरडा उकरला, की आमच्या परभणी-हिंगोलीकडं एखाद्या तरी आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) फोन येतो, "भाऊ, पांढरी अंडी निघालीत, काय करू?" विचारलं हे फार चांगलं केलं. पण फोन येईपर्यंत अंडी बहुतेक वेळा घमेल्यात भरून झालेली असतात.

तिथंच मोठी चूक होते. खुडूक कोंबडी अंडी सारखी फिरवते, म्हणून अंडं कसंही ठेवलं तरी चालतं असं आपल्याला वाटतं. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन पिळदार दोऱ्यांनी तोललेला असतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात त्या दोऱ्या नसतात. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात गर्भ वरच्या बाजूला, कवचाच्या आतल्या पडद्यापाशी चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. कासवाच्या आणि मगरीच्या अंड्यांत हा धोका सगळ्यात जास्त. साप-सरड्यांची अंडी जरा तग धरतात, पण त्या भरवशावर राहू नका.

अंडी दिसली की खोरं थांबवा, तेच खत परत वर ओढा आणि तेवढा कोपरा दोन महिने सोडून द्या. हात घालू नका. नागाची मादी अंड्यांपाशी थांबते. अंडी हलवल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर आधी वन विभागाला 1926 वर फोन करा. जाणकार माणूस प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करतो आणि चिकटलेला घोस न सोडवता आहे तसाच उचलतो.

उकिरडाच का, हेही समजून घ्या. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, ते मातीतलं पाणी शोषून फुगतं. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अंडं तिथं सुकून जाईल. कुजणाऱ्या खतात ऊबही आणि ओलही. म्हणून अंड्याला खळी पडली की ते नासलं असं धरून फेकू नका. बऱ्याचदा ओल कमी पडलेली असते, भोवतालचं खत ओलसर झालं की ते परत भरतं. बुरशी चढून घाण वास सुटला तरच ते मेलं समजा.

घोरपडीच्या बाबतीत घाई फार नडते. ती पावसाळ्यात धुऱ्यावर, वारुळात खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं निघायला सहा ते आठ-नऊ महिने लागतात. दिवाळीनंतर धुरा साफ करताना सापडलेली अंडी "जुनी झाली" म्हणून फेकली जातात, तेव्हा आत पिल्लू वाढत असतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिची अंडी घरी नेणं हा गुन्हा आहे.

आता घोणस. इथली चूक जीवावर बेतते. घोणस अंडी घालत नाही, एका वेळी 20 ते 40 पिल्लं देते, मृगाच्या आसपास जास्त. साप-सरड्यांच्या कुळात पिल्लं देण्याची रीत शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे. अंडी पोटात असली की आई ऊन-सावली बघून त्यांना ऊब देते, आणि पिल्लं बाहेर पडतात तेव्हा रानात खाणं मुबलक असतं. त्या पिल्लांना अजगराची समजून पोरं हातात घेतात. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी दिसल्या तर लांब व्हा, पहिल्या दिवसापासून त्यांना विष असतं. चावलंच तर चिरा देणं, चोखणं, मांत्रिक हे काही करू नका. हालचाल कमी ठेवून थेट प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात जा. आणि एक पिल्लू दिसलं म्हणून आईला शोधून मारण्यात अर्थ नाही, ती पिल्लांना सांभाळत नाही.

धुऱ्यावर दोन धामणी पिळा घालून उभ्या दिसल्या की "नाग-धामणीची जोडी लागली" म्हणत कापड टाकतात, गर्दी करतात. ते दोन्ही नरच असतात, मादीसाठी झुंजत असतात. धामण ही नागाची मादी नव्हे, ती जातच वेगळी. खरं मीलन जमिनीवर, शेपट्या जुळवून होतं. त्यांना मोकळं सोडा, तुमच्या कडब्याच्या गंजीतले उंदीर तीच खाते.

लाल गळ्याच्या सरड्याला "रक्त पितो" म्हणत दगड मारणाऱ्या पोरांनाही आवरा. तो नराचा विणीच्या हंगामातला रंग आहे, मादीसाठी आणि दुसऱ्या नराला धाकात ठेवायला.

घरातल्या फोटोमागं पालीची दोन अंडी चिकटलेली दिसली तर खरवडू नका. त्यांचं कवच चुन्यासारखं कडक असतं, ओढलं की फुटतं. दीड-दोन महिन्यांत ती आपोआप रिकामी होतात, मग कवचं पुसून काढा.