रायडिंग मोवरचं इंजिन अर्धा फेरा घेऊन अडकतं? स्टार्टर नका बदलू, आधी टॅपेट बघा

रायडिंग मोवरची, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या गाडीची, किल्ली फिरवली की इंजिन अर्धवट फिरतं, मग गपकन अडकतं, दोनचारदा फिरवलं की एखाद्या वेळी सुरू होतं. अमेरिकेत मोठं यार्ड असलेलं घर घेतलेल्या आपल्या मंडळींचं एप्रिलमधलं हे ठरलेलं रडगाणं, आणि सल्ला पण ठरलेला, बॅटरी बदल नाहीतर स्टार्टर बदल. अहो, आधी तपासा तरी!

बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, टर्मिनल आणि चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट घासून घ्या. मागच्या सीझनचं पेट्रोल काढून टाका. टिक सुद्धा वाजत नसेल तर सीटखालचा आणि ब्रेक पेडलचा स्विच बघा.

आता स्पार्क प्लग काढून, त्याची वायर भोकापासून लांब ब्लॉकला टेकवून, किल्ली मारा. भराभर फिरलं आणि प्लग लावल्यावर परत अडकलं, तर माझा पहिला संशय टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर नावाचा छोटा दांडा यांच्यातल्या फटीवर. या सिंगल सिलिंडर इंजिनात कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा फिरता दांडा) एक बारीक उंचवटा असतो, स्टार्ट करताना तो एक व्हॉल्व्ह केसभर उघडा धरतो, थोडं कॉम्प्रेशन निसटतं म्हणून तर एवढासा स्टार्टर तो पिस्टन ढकलू शकतो. टॅपेटचा गॅप वाढला की हा उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

इंजिन पूर्ण थंड. किल्ली काढून खिशात. व्हॉल्व्ह कव्हर उघडा.

खरी गंमत इथून पुढे, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय. पिस्टन वर दोनदा येतो, पैकी कॉम्प्रेशनवालाच हवा. फ्लायव्हील हाताने किंचित मागेपुढे हलवा, दोन्ही रॉकर गप्प बसले तर बरोबर, एक उठतोय आणि दुसरा बसतोय असं दिसलं तर अजून एक पूर्ण फेरा द्या. आणि व्हिडिओवाले सांगतात तसं पिस्टन अगदी वर ठेवून गॅप घेऊ नका! प्लगच्या भोकात प्लास्टिकचा लांब स्ट्रॉ धरा (सोडू नका, आत गेला तर बसा काढत) आणि पिस्टन पाव इंच खाली येईपर्यंत फिरवा, म्हणजे तो उंचवटा नक्की बाजूला झालेला असतो, नाहीतर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खोटं बोलतं.

माझ्या इंजिनला कार्बोरेटरकडच्या व्हॉल्व्हला 0.003 ते 0.005 इंच आणि सायलेन्सरकडच्याला 0.005 ते 0.007 इंच लागतं, तुमचं मॅन्युअलमध्ये बघा. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. गॅप जुळवून रॉकरवरचा नट लॉक केला की तो हमखास हलतो, त्यामुळे लॉक केल्यावर परत मोजायचा, कंटाळा करायचा नाही.

कव्हर लावा, प्लग लावा, किल्ली मारा.

इथर फवारून सुरू करायच्या भानगडीत पडू नका, अडकलेल्या इंजिनाला त्याचा काडीचा उपयोग नाही. गॅप बरोबर असूनही अडकतंय तर मग खुशाल स्टार्टर तपासा, तोही ठीक निघाला तर कॅमशाफ्टवरचा तो उंचवटाच तुटलेला असू शकतो, त्यासाठी इंजिन खालून उघडावं लागतं आणि ते काम मी तरी मेकॅनिकलाच देतो.