लिव्हर वाढलंय हे ओळखायचं कसं

"सिस्टर, मी दारूच्या थेंबालाही शिवत नाही. मग लिव्हरला सूज कशी?" सोनोग्राफीचा रिपोर्ट नाचवत माणसं हे विचारायची. वॉर्डात तीस वर्षं ऐकलं, मग निवृत्तीनंतर घरीही, आमच्या ह्यांच्याकडून. रिपोर्टात लिव्हर 17 सेंमी, म्हणजे वाढलेलं, आणि ग्रेड 2 फॅटी, म्हणजे मध्यम चरबी साचलेलं. दारू नव्हती, पण ढेरी आणि डायबेटिस होता ना!

लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात. वरचं आवरण ताणलं तरच उजव्या बरगडीखाली जड वाटतं. त्यामुळे दुखण्याची वाट बघू नका. दोन घासांत पोट भरतंय, मळमळतंय, कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटतंय, हे आठवडाभर चाललं तर दाखवाच. पोट दाबून घरी निदान करत बसू नका. आम्हालासुद्धा, डॉक्टरांनी पेशंटला "श्वास घ्या" म्हटल्यावर पोटावरच्या बोटांना काय लागतं, ते शिकायला वर्षं लागली.

डोळे मात्र घरी बघता येतात. खिडकीशी, दिवसाउजेडी. पिवळ्या बल्बखाली कावीळ हमखास चुकते. सोबत लघवी गडद चहासारखी, शौच पांढुरकं, अंगाला खाज असेल तर त्याच दिवशी दवाखाना. माळ घालून कावीळ उतरवायला जाऊ नका. गाठी सुकून सैल होतात म्हणून माळ वाढते, कावीळ उतरते म्हणून नव्हे.

कारणं पुष्कळ. चरबी आणि दारू तर आहेतच. पावसाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई, रक्तातून बी आणि सी. मलेरिया, टायफॉइडमध्येही लिव्हर वाढतं. थंडी वाजून ताप आणि उजवीकडे दुखणं असेल तर आत पू झालेला असू शकतो. हृदय अशक्त असेल तर रक्त मागे तुंबून लिव्हर फुगतं, तेव्हा पायही सुजतात. कधी कॅन्सरही निघतो, म्हणून अंदाजावर राहायचं नाही.

रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, किंवा माणूस बरळायला लागला, तर ओपीडीची वेळ बघू नका. थेट कॅज्युअल्टी गाठा.

एरवी सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी जा. औषधांनीही लिव्हर बिघडू शकतं, म्हणून बरोबर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, पॅरासिटामॉलचीसुद्धा. आणि हो, शेजारणीनं दिलेली ती बिनलेबलची चूर्णाची पुडीही.