राजांगण आखताना आधी पाण्याची वाट काढा

गोव्यातल्या जुन्या घरांत मधल्या मोकळ्या चौकाला राजांगण म्हणतात. हल्ली नव्या घरांच्या नकाशांतही ते पुन्हा दिसू लागले आहे, पण नकाशातले राजांगण नेहमी मे महिन्यातले असते: ऊन, झोपाळा, कोपऱ्यात चाफा. जुलैतले राजांगण कोणी काढून दाखवत नाही. आम्ही फोंड्याकडे असे घर बांधले तेव्हा आमचीही तीच चूक झाली. म्हणून खाली दिलेला क्रम पावसापासून सुरू होतो.

जमीन घेतली असेल तर एक पावसाळा थांबा. जमीन बिगरशेती करण्याची सनद, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा परवाना यांत तेवढा वेळ तसाही जातोच. मोठ्या सरीत छत्री घेऊन जागेवर उभे राहा. वरच्या शेतातले पाणी कुठून शिरते, कुठे तुंबते आणि कुठून बाहेर पडते, ते कच्च्या नकाशावर बाणांनी मांडा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायला विसरू नका. आमच्या जागेतून पूर्वी एक व्हाळ, म्हणजे ओढा, जायचा, हे आम्हाला शेजारच्या आजींकडून कळले. कागदावर तो कुठेच नव्हता.

मग मापे. चौघांच्या कुटुंबाला एकमजली १० बाय १२ मीटरचे घर पुरते. मध्ये आभाळाला उघडे ३ बाय ३ मीटरचे राजांगण, त्याच्या दोन बाजूंना सव्वा मीटरची ओसरी आणि भोवती ३ मीटर रुंदीच्या खोल्या. याहून लहान चौक ठेवला तर पावसाळ्यात विहिरीत राहिल्यासारखे वाटते, आणि मोठा ठेवला तर खोल्या अंग चोरतात. ओसरी मात्र काटछाट करून वाचवू नका. घरातली जेवणे, अभ्यास, नारळ सोलणे सगळे तिथेच होते.

आता गणित करा. छपराचा आतला उतार आणि मधला चौक धरून सुमारे ५० चौरस मीटरवरचे पाणी राजांगणात उतरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लीटर. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने सर कोसळली, तर तासाभरात ५,००० लीटर पाणी तुमच्या घराच्या मधोमध येणार. आमचे राजांगण ओसरीपेक्षा फक्त १५ सेंटीमीटर खोल होते आणि बाहेर जायला अडीच इंची एकच नळी. फणसाची दोन पाने जाळीवर बसली. १५ सेंटीमीटर खोलीत मावते जेमतेम १,३५० लीटर, म्हणजे नळी बंद पडल्यापासून सोळा मिनिटांत पाणी ओसरीवर. रात्री दोन वाजता तांदळाचे डबे खाटेवर चढवताना हा हिशेब मला पहिल्यांदा सुचला.

म्हणून राजांगण ओसरीपेक्षा ४५ सेंटीमीटर, म्हणजे तीन पायऱ्या खोल घ्या. जाळी तुंबली तरी पाऊण तास हाताशी राहतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून ११० मिलिमीटरच्या दोन नळ्या काढा. दुसरी पहिलीपेक्षा थोडी वर, निव्वळ अडचणीच्या वेळेसाठी. फरशीला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार हवा. नळीला बाहेर पडायला ढाळ मिळावा म्हणून जोते बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान ६० सेंटीमीटर उंच ठेवा, सखल जागेत त्याहून जास्त. स्वयंपाकघर आणि न्हाणीचे पाणी या नळ्यांना जोडू नका. ते वेगळे, केळी-माडांना.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. या ५० चौरस मीटरवर त्याचे दीड लाख लीटर होतात. पहिल्या दोन-तीन सरींचे घाण पाणी सोडून द्या. नंतरचे खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून बावीत, म्हणजे विहिरीत, किंवा टाकीत वळवा.

वाऱ्या-उन्हाचे थोडक्यात. पावसाची झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, तिकडच्या खिडक्या लहान ठेवा, त्यांवर खोल छज्जा काढा. दुपारचे तापणे अडवायला न्हाणी आणि सामानाची खोली पश्चिमेलाच टाका. समुद्राकडचा दुपारचा वाराही तिकडूनच येतो, म्हणून भिंत अगदी बंद करू नका. वर झरोके सोडा. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा ऊन चौकात पडते, खोल्यांपर्यंत पोचत नाही. ते अडवायचे काम ओसरी करते.

भिंतींना चिराच, म्हणजे जांभा दगड. खाणीतून निघताना मऊ असतो, वाऱ्याला लागला की कठीण होतो. ट्रक उतरवून घेताना चार-पाच चिऱ्यांवर हातोडी मारून बघा: खणखणीत वाजला तर ठेवा, बदबद आवाज आला आणि पिवळ्या मातीचे गोळे दिसले तर परत पाठवा. आतून गिलावा न केलेला चिरा सुंदर दिसतो, पण पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा कराच, नाहीतर दोन पावसांत ती काळी पडते.

छपराला मंगळुरी कौले, सुमारे ३० अंश उतार, बाहेरच्या बाजूला वळचण निदान ७५ सेंटीमीटर. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासूनचे हे कौल. मोडलेल्या घरांची जुनी कौले आजही मिळतात आणि ती नव्यापेक्षा बरी निघतात, असा माझा अनुभव. वाश्यांना वाळवीची भीती असेल तर लोखंडी चौकोनी नळ्या वापरा, त्यात कमीपणा नाही. राजांगणावर पारदर्शक पत्रा मात्र घालू नका. पाणी शिरल्यावर घाबरून आम्ही तो घातला होता. मे महिन्यात वर चढणारी गरम हवा तिथेच अडकली आणि घराची भट्टी झाली. माकडे आणि चोर यांच्यासाठी लोखंडी गज पुरेत.

फरशी खरखरीत दगडाची हवी. गुळगुळीत कडप्प्यावर शेवाळ धरले की कोण कधी पडेल सांगता येत नाही. तुळस मधोमध, पण तिच्या वृंदावनाभोवती पाणी साचून डास होणार नाहीत असा उतार द्या.

शेवटचे काम मिरगाच्या आधी. दोन्ही नळ्यांची तोंडे बोळ्याने बंद करून राजांगणात वीतभर पाणी भरा, पातळीवर कोळशाने रेघ ओढा आणि रात्रभर सोडा. सकाळी पाणी रेघेखाली बोटभर गेले असेल तर ते घराच्या पायात मुरते आहे, सांधे उकरून पुन्हा भरायला सांगा. मेस्त, म्हणजे गवंडी, कुरकुरेल. त्याचा शेवटचा हप्ता त्या सकाळपर्यंत हातात ठेवा.