जाऊन येते: जपानी शिकताना मराठीचा हात सोडू नका

घरातून निघताना चुकून "जाते" म्हटलं की माझ्या सासूबाई आजही थांबवतात. "जाते म्हणू नये. येते म्हण." जपानी माणूस घराबाहेर पडताना म्हणतो "इत्ते किमास". इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. घरातला माणूस उत्तर देतो "इत्ते राश्शाइ", म्हणजे जाऊन या. हे मला उमगलं तेव्हा मी जपानी दुसऱ्यांदा सोडायच्या बेतात होते. त्यानंतर सोडलं नाही.

मी भोसरीला राहते आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. जपानी शिकायला लागले तेव्हा वय ३९ होतं. शनिवार-रविवारच्या एका क्लासला नाव घातलं. तिथे सगळं इंग्रजीतून. पहिले तीन महिने जपानीच्या दोन अक्षरमाला, म्हणजे हिरागानाची ४६ अक्षरं आणि काताकानाची ४६, "मी इंजिनियर आहे" वगैरे छान चाललं. मग क्रियापदाचं 'ते' रूप आलं आणि आमचा वर्ग निम्मा झाला. आपल्याकडे जे पुस्तक बहुतेक ठिकाणी लावतात, 'मिन्ना नो निहोंगो', त्यात हे रूप १४व्या धड्यात येतं. जपानी सुटते ती बऱ्याचदा इथेच, म्हणून याबद्दल सविस्तर सांगते.

इंग्रजीतून शिकवताना 'ते' रूपाचे आठ-दहा उपयोग वेगवेगळे पाठ करायला लावतात. मराठी माणसाला त्यातले बरेचसे पाठ करायची गरजच नाही, कारण ते आपलं 'ऊन' आहे. काइते म्हणजे लिहून, योंदे म्हणजे वाचून, मोत्ते म्हणजे घेऊन. आता पुढे क्रियापद लावा. मोत्ते किमास: घेऊन येते. मोत्ते इकिमास: घेऊन जाते. यात्ते मिमास: करून बघते, आणि 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणं. शिते ओकिमास: करून ठेवते, इथेही 'ओकु' म्हणजे ठेवणंच. ताबेते शिमाइमाशिता: खाऊन टाकलं. "करून बघते" यात बघण्यासारखं काय आहे, हे इंग्रजीत समजावायला परिच्छेद लागतो. आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून पहिलं काम हे करा: शंभर पानी वही घ्या आणि तिच्यात इंग्रजीचा एकही शब्द येऊ देऊ नका. डावीकडे जपानी वाक्य, जपानी अक्षरांतच. उजवीकडे त्याच क्रमाने मराठी. "पुणे कारा मुंबई मादे देन्शा दे इकिमास", समोर "पुण्याहून मुंबईपर्यंत ट्रेनने जाते". कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, दे म्हणजे ने. क्रियापद शेवटी. प्रश्नाच्या शेवटी 'का', "ताबेमाशिता का?", अगदी "जेवलात का?" सारखं. अशी वीस वाक्यं समोरासमोर लिहिलीत की भीती निम्मी होते.

उच्चारांतही मराठी कामाला येते. 'त्सु' म्हणताना आपल्या 'चूल'मधला च आठवा, 'चहा'तला नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र जपून. ओबासान म्हणजे काकू, ओबाआसान म्हणजे आजी. अक्षरांचा क्रमसुद्धा परका नाही: अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. जपानमधले बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम लिपी शिकत, तिथून हा क्रम आला. 'ह'च्या जागी पूर्वी 'प' होता. आजही 'ह'च्या अक्षराला दोन बारीक रेघा दिल्या की 'ब' होतो आणि छोटा गोल दिला की 'प'.

कांजीला, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्राक्षरांना, लोक फार घाबरतात. नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत २,१३६ आहेत, पण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सुरुवातीच्या पातळीला, एन५ला, साधारण शंभर पुरतात. मी सुरुवात कारखान्याच्या भिंतीवरून केली. चाकणमध्ये काम करणाऱ्या कुणालाही फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच जपानी शब्दांचा, बोर्ड पाठ असतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. पहिल्या दोन शब्दांतला 'सेइ' म्हणजे नीट लावणं. पुढच्या दोघांतला 'सेइ' वेगळा, त्याच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात, अर्थ स्वच्छ. शेवटच्या शित्सुकेच्या कांजीत डावीकडे 'शरीर' आणि उजवीकडे 'सुंदर'. आमच्या बोर्डावर त्याचं मराठी 'शिस्त' केलंय. मला विचाराल तर तो शब्द 'वळण' आहे, आई मुलाला लावते ते. रोज नजरेसमोर येणारी कांजी आधी धरा, पुस्तकातला क्रम नंतर.

आता टिकण्याबद्दल. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे "रोज सकाळी सहाला अभ्यास" हा नियम मोडायचाच. मी वेळ सोडून दिली आणि जागा धरली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसले की वही उघडायची, मग पहिली शिफ्ट असो की दुसरी. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की आणखी एक पान होतं.

आणि चेकशीट ठेवा. मशीनच्या चेकशीटमध्ये रकाना कोरा सोडता येत नाही, कारण लिहावं लागतं. वहीच्या मागच्या पानावर मी तसाच तक्ता आखला. झालं तर टिक, नाही झालं तर कारण: "लेकाला ताप", "पाहुणे". दोन महिन्यांनी पाहिलं तर निम्मी कारणं सुट्टीच्या दिवसाची. सुट्टीला बस नव्हती! मग सुट्टीचा अभ्यास दळणाशी बांधला. गिरणीत डबा ठेवला की पीठ मिळेपर्यंत कानात जपानी ऐकायचं. फारच वाईट दिवस असेल तर एक वाक्य लिहा, पण त्या दिवशी हातून घडलेल्या कामाचं लिहा.

परीक्षेचं थोडक्यात. जेएलपीटी आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. एन५ला १८० पैकी ८० लागतात, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ स्वतंत्रपणे लागतात, म्हणून पुस्तकात डोकं घालून ऐकणं मागे टाकू नका. बोलणं मात्र या परीक्षेत मुळीच नाही. ते वेगळं कमवावं लागतं.

ते मला एका फसलेल्या दुपारी कळलं. पाहणीला आलेल्या जपानी पाहुण्यांना मी रीवर्कची, म्हणजे चुकलेले भाग दुरुस्त करायची, पद्धत समजावत होते आणि ते दर वाक्याला "हाइ, हाइ" म्हणत होते. मी होकार धरला आणि काम सुरू करायला सांगितलं. दोन दिवसांचं काम परत करावं लागलं. ते 'हाइ' म्हणजे आपलं "हं", ऐकतोय एवढंच. तसंच "चोत्तो" (जरा) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर ते आपल्या "बघू" सारखं समजा. आता मी प्रत्येक मुद्द्याला थांबून "हाजिमेते मो इइ देस का?" विचारते, सुरू केलं तरी चालेल का, आणि त्यावर "चोत्तो" आलं तर काम थांबवून ड्रॉइंग पुन्हा उघडते.